गोळीसोबतच्या तीन गोष्टी

लांजेवार सिस्टर कुणाच्याही घरी गेल्या की आधी माणसांकडे बघत नसत, भिंतीकडे बघत. दारातून आत पाय टाकला की त्यांचे डोळे कॅलेंडर शोधायचे. सापडलं की कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा आणि बोट तारखांवरून फिरायला लागायचं. घरातली म्हातारी पाण्याचा गडवा घेऊन उभी, सून पदर सावरत उभी, आणि ही बाई सगळ्यांकडे पाठ करून भिंतीशी. नव्या माणसाला वाटावं, संकष्टी कधी आहे ते बघताहेत.

सिस्टर टिकल्या बघत असत. आमच्या गावातल्या निम्म्याअधिक घरांत कॅलेंडरवर दर महिन्याच्या एका तारखेला एक लाल टिकली चिकटवलेली असायची. पाळी ज्या दिवशी येईल त्या तारखेवर टिकली, एवढाच नियम. हा नियम सिस्टरनी आणला. टिकल्यांची पाकिटं त्या आठवडी बाजारातून स्वतःच आणत आणि लसींच्या डब्याबरोबर पिशवीत ठेवत. घरधन्यांना वाटायचं, सिलिंडर लावल्याची तारीख असेल. कुणी विचारलंच तर बायका हो म्हणून मोकळ्या व्हायच्या.

मी या गावची आशा सेविका. लाखांदूरपासून एसटीनं पाऊण तासावर गाव, पुढं धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मागं तलाव. उपकेंद्रात लांजेवार सिस्टर नऊ वर्षं होत्या आणि ती नऊही वर्षं मी त्यांच्या स्कूटीच्या मागच्या सीटवर काढली. आशा म्हणून माझं प्रशिक्षण तालुक्याला झालं, पण मला शिकवलं त्या सीटनं. सिस्टर गाडी चालवता चालवता बोलायच्या, वारा अर्धं बोलणं उडवून न्यायचा आणि उरलेल्या अर्ध्यावर मी आजवर पोट भरते आहे.

टिकल्यांची गरज का पडली, तेही सांगते. शेवटची पाळी कधी आली असं विचारलं की आमच्याकडे तारीख कुणी सांगत नसे. ‘रोवणीच्या टायमाले आलती’, ‘नंदिनीच्या लग्नानंतरच्या बजारी’ अशी उत्तरं. सिस्टर कपाळाला हात लावायच्या. म्हणायच्या, “रोवणी दीड महिना चालते वो बाई, त्यातला कोणता दिस धरू मी?” एकदा एका बाईचे दिवस असेच अंदाजानं मोजले गेले आणि बाळ सिस्टरच्या हिशेबाच्या महिनाभर आधी आलं. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण सिस्टर दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पिशवीत टिकल्या आल्या.

लाज हा प्रकार देवानं त्यांना दिलाच नव्हता. निदान या विषयात तरी नाही. ‘अडचण’, ‘बाहेरची’, ‘कावळा शिवला’ हे शब्द त्यांच्यासमोर चालत नसत. एकदा लाखांदूरच्या एसटीत आम्ही पुढच्या सीटवर होतो आणि मागच्या सीटवर त्यांना त्यांची एक पेशंट दिसली. तिथूनच मान वळवून यांनी विचारलं, पाळी आली का वो? पुढच्या-मागच्या माना खाली गेल्या. ती बिचारी खिडकीत तोंड घालून बसली. एक पागोटेवाले बाबा खाकरले. सिस्टर उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “काहून लाजून राहिले सगळे? तुमच्या माईले पाळी नसती आली, त तुमच्यातला एकही जण या गाडीत नसता बसला.” मग बसल्या आणि मुरमुऱ्याची पुडी सोडली. कंडक्टर तिकीट द्यायला आला तो त्यांच्या कानाशी वाकूनच आला. त्याच्या बायकोला दोन महिन्यांपासून काहीतरी त्रास होता. लाखांदूर येईपर्यंत तो तिथंच उभा राहिला आणि मागच्या माणसांची तिकिटं काढायची राहून गेली.

त्यांचा राग बघावा तर औषधांच्या बाबतीत. दुकानात एक गोळी मिळते, ती सगळ्यांना ठाऊक आहे. रात्री चूक झाली, सकाळी गोळी. आमच्याकडेही ती सरकारकडून येते. गावातली एक पोरगी साकोलीला कॉलेजात जायची. तिनं दोन महिन्यांत तीनदा ती गोळी घेतली आणि तिची पाळी पार भरकटली. कधी आठवड्यानंच थोडंसं लाल दिसायचं, कधी चाळीस दिवस काहीच नाही. आईला वाटलं बाहेरचं काही झालं. लिंबू उतरवलं, दंडाला काळा दोरा बांधला, शेवटी रडत पोरीला घेऊन उपकेंद्रात आली.

सिस्टरनी आईला बाहेर बसवलं आणि पोरीला आत नेऊन कॅलेंडर पुढ्यात ठेवलं. अर्ध्या तासात कोणत्या तारखेला गोळी आणि कोणत्या तारखेला काय, सगळं लागलं. पोरीला त्यांनी सांगितलं, की अंगात जे हार्मोन पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात वाढतं, त्याच जातीचं हार्मोन या गोळीत एकदम भरपूर असतं. महिन्याच्या मधोमध ते अचानक पडलं की शरीर गोंधळतं. एकदा घेतली तर पुढची पाळी चार-आठ दिवस मागंपुढं होते आणि त्यानंतरची रुळावर येते. पण एक गोंधळ निस्तरायच्या आत दुसरा आला तर अंगानं करायचं काय? याच्यानं पुढं मूल होणार नाही असं काही नाही, घाबरू नको, पण ही रोजची गोळी नाही. रोजच्यासाठी दुसरी साधनं आहेत, ती घे. मग बाहेर येऊन आईला एवढंच म्हणाल्या, की हार्मोन गडबडले आहेत, महिन्या-दोन महिन्यांत बसतील, दोरा ठेवायचा तर ठेवा. पोरीचं गुपित त्यांनी आईलाही दिलं नाही. मला वाटलं होतं त्या पोरीला झापतील. त्यांनी झापलं ते साकोलीच्या मेडिकलवाल्याला, तेही दुसऱ्या दिवशी मला मागं बसवून खास साकोलीपर्यंत स्कूटी नेऊन. गोळी देता तर दोन शब्द बोलता का नाही, असं विचारलं. तो बिचारा म्हणाला, सिस्टर, पोरी तोंडही पाहू देत नाहीत, कागदात गुंडाळून द्या म्हणतात, बोलू कोणाशी?

परतताना मागच्या सीटवर मला नियम मिळाला. गोळी कधी एकटी द्यायची नाही, सोबत तीन गोष्टी द्यायच्या. एक म्हणजे लवकर घे, आत्ताच्या आत्ता, तीन दिवस हातात आहेत म्हणून थांबू नको, आणि दोन तासांत उलटी झाली तर परत ये. दुसरी म्हणजे पुढची पाळी लवकर किंवा उशिरा येऊ शकते, भिऊ नको, आठवड्यापेक्षा जास्त लांबली तर मात्र लघवीची तपासणी करायची. आणि तिसरी, ही गोळी झाल्या गोष्टीपुरती, उद्याच्या रात्रीला ती लागू नाही. त्यांनी माझ्याकडून गाव येईस्तोवर हे तीनदा म्हणवून घेतलं.

बायकांच्या बैठकीत हेच त्यांनी तलावाच्या काठावर बसून समजावलं होतं. आमच्याकडे बायकांना हार्मोन कळत नसलं तरी तलावाचं गेट कळतं. गेट कधी उघडतं, पाणी कुणाच्या बांधीत आधी जातं, यावरून भांडणं होतात. सिस्टर म्हणाल्या, “महिन्याच्या मधात बीज सुटते, समजा गेट उघडते. गोळी त्याच्या आधी पोहोचली, त गेट काही दिस बंद ठेवते. बस, एवढंच तिचं काम. पाणी आधीच सुटलं असन, त गोळी त्याले वापस नाही बोलवू शकत. अन् बांधीत रोप लागलं असन, त ते उपटतही नाही.” एका म्हातारीनं विचारलं, की मग गेट उशिरा उघडलं तर पुढचं सगळं उशिरा? सिस्टर इतक्या खुश झाल्या की म्हातारीला हातातली मुरमुऱ्याची पुडीच देऊन टाकली. पाळीही उशिरा, म्हणाल्या. त्या दिवशी शेवंताकाकू बैठकीला आल्या नव्हत्या. आल्या असत्या तर पुढचं काही झालंच नसतं, असं मी नंतर कितीदा तरी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे ते माझ्या मनाचं समाधान.

शेवंताकाकू आमच्या गल्लीतल्या, माझ्या सासूच्या चुलत बहीण, बचत गटाच्या अध्यक्ष. मनानं वाईट नाहीत, पण गावात त्यांच्या शब्दाला वजन आणि ते त्यांना पक्कं ठाऊक. त्यांची सून प्रणाली. पोराची नोकरी नागपूरला गोदामात, सुट्टीला यायचा. प्रणालीला सिझरनं मुलगी झाली होती, तिला अजून वर्षही पुरं झालं नव्हतं. काकूंना नातू हवा होता आणि लवकर हवा होता.

त्या वर्षी पोळ्याला तिचा नवरा दोन दिवस आला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गल्लीत पोरं लाकडी नंदी सजवून ओढत होती, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत होती, कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. त्या गर्दीत प्रणाली माझ्या दारात आली. लेकीला कडेवर घेऊन, मान खाली. म्हणाली, वहिनी, इतक्या लवकर दुसरं झेपायचं नाही मला, टाके अजून ओढतात. मी पिशवीतून गोळी काढून तिच्या मुठीत दिली. आत्ताच घे, इतकं सांगितलं. दुसरी गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि माझी सासू ओसरीवर आली. मी गप्प झाले. प्रणाली गेली. संध्याकाळी सांगू म्हटलं, मग उद्या म्हटलं, मग विसरले.

गोळीनं आपलं काम केलं. प्रणालीच्या टिकलीची तारीख आली आणि गेली. काकूंना टिकल्यांचा हिशेब सुनेपेक्षा पक्का येत होता, शिकवला सिस्टरनीच. रोज सकाळी दिवा लावून झाला की त्या कॅलेंडरकडे बघायच्या. चार दिवस झाले, सहा झाले, आठ झाले. आठव्या दिवशी काकूंना राहवलं नाही. त्यांनी सुनेला चोरचोळी केली. खरं तर ही चोळी दिवस राहिलेल्या बाईला तिसऱ्या महिन्यात, गाजावाजा न करता द्यायची. काकूंनी आठ दिवसांवर दिली आणि गाजावाजाही केला. हिरवा खण, खोबऱ्याची वाटी, गल्लीतल्या पाच बायका. मीही तिथं होते. प्रणाली माझ्याकडे बघत होती आणि मी खाली बघत होते.

दहाव्या दिवशी तिला पाळी आली, नेहमीपेक्षा जास्त. आणि त्याच दिवशी काकूंना गादीखाली गोळीचं रिकामं पाकीट सापडलं.

काकूंच्या डोक्यात एकच गणित बसलं. दिवस राहिले होते, सुनेनं गोळी खाऊन पोट पाडलं. चोळी दिलेलं पोट पाडलं. दुपारपर्यंत गल्लीला कळलं, पोराला फोन गेला, पोरगा फोनवर ओरडला आणि प्रणालीच्या बापाला निरोप गेला, की पोरीला घेऊन जा, परत आणू नका. मी धावत उपकेंद्रात गेले आणि गोळी मी दिली होती तेही सांगून टाकलं. सिस्टरनी मला काही विचारलं नाही. पिशवीत तपासणीची पट्टी टाकली आणि स्कूटी काढली.

काकूंच्या अंगणात तेव्हा दहा-बारा बायका असतील. प्रणाली ओसरीच्या कोपऱ्यात, कपड्यांची पिशवी भरलेली. सिस्टर तिला आत घेऊन गेल्या, नमुना घेऊन बाहेर आल्या आणि काकूंच्या समोर, काकूंच्याच पाटावर पट्टी ठेवली. पाच मिनिटं सगळ्या पट्टीकडे बघत होत्या. एकच रेघ आली.

सिस्टर म्हणाल्या, “शेवंताबाई, पोट राह्यलं असतं न आज पडलं असतं, त इथं अजून दोन रेघा दिसल्या असत्या. ते एका दिवसात पुसल्या जात नाही. पोट राह्यलंच नव्हतं. तुमच्या घरून काही गेलं नाही.”

मग तेच तलावाचं गेट. काकू ऐकत होत्या. त्यांना समजतही होतं, कारण बाई हुशार. पण पाच बायकांना बोलावून चोळी दिली होती, त्या पाचही जणी अंगणात उभ्या होत्या. आपण चुकलो हे त्यांच्यासमोर कबूल करणं काकूंना जड जात होतं. रागाला जायला दुसरी जागा पाहिजे होती.

काकू म्हणाल्या, “मंग गोळी कोणी देल्ली इले?”

प्रणालीनं मान वर केली नाही. तिनं माझं नाव घेतलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. मी दाराशी होते, एक पाऊल पुढं टाकलंही. सिस्टरनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“म्याच देल्ली,” त्या म्हणाल्या. “तिच्या सिझरले अजून साल नाही झालं. म्याच तिले म्हटलं, घे. अन् पाळी लांबन हे सांगाचं माह्याकडूनच राहून गेलं. चूक माही आहे, पोरीची नाही.”

प्रणालीची पिशवी त्या संध्याकाळी सोडली गेली. तिचा बाप आला, चहा पिऊन परत गेला. पण सिस्टरसाठी गावाची दारं लागली. म्हणजे उघडं भांडण कुणी केलं नाही. बायका घरात असून नाहीत असं सांगायच्या. बैठकीला कुणी येईना. एकेका भिंतीवरच्या टिकल्या नखानं खरवडून काढलेल्या दिसायला लागल्या, त्या मी पाहिल्या आहेत. ग्रामपंचायतीत अर्ज गेला, सिस्टर सुनांना चोरून गोळ्या देतात म्हणून. सह्या चौपन्न. माझ्या सासूची त्यात होती.

त्या दिवशी अंगणातून परतताना मी मागच्या सीटवर रडत होते. तलावाजवळ सिस्टरनी गाडी थांबवली. प्रणालीला दुसरी गोष्ट सांगितली होतीस का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. त्या मला खूप बोलल्या. एक वाक्य गिळलं तुनं, अन् एका पोरीचा संसार जात होता, म्हणाल्या. मी म्हटलं, मग मला का नाही सांगू दिलं?

“तुले याच गावात राहाचं आहे,” त्या म्हणाल्या. “मी बदलीची बाई. आज इथं, उद्या तिथं. तुले या लोकायनं काढून टाकलं, त यायच्या सुनाईनं जाचं कोणाकडे?”

दोन महिन्यांनी त्यांनी स्वतःच बदली मागून घेतली. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, चिखल्याच्या बाजूला, खाणीतल्या माणसांच्या वस्त्यांत. निरोप समारंभ वगैरे काही नाही. लसीचा डबा मोजून दिला, कपाटाची किल्ली दिली, आणि मुरमुऱ्याची पुडी स्कूटीच्या हँडलला अडकवून त्या निघून गेल्या. मधून मधून फोन यायचा. पाऊस कसा, तुझ्या पोराची परीक्षा कशी झाली, प्रणाली बरी आहे ना. बस.

मी सात वर्षं गप्प राहिले. सिस्टरनी सांगितलं म्हणून गप्प आहे, असं स्वतःला पटवत होते. खरं कारण भीती. मग एका दुपारी शेवंताकाकू स्वतः माझ्या दारात आल्या. त्यांची लेक माहेरपणाला आली होती, दोन लेकरांची आई. तिसरं नको होतं. काकूंनी इकडं तिकडं पाहिलं आणि ती गोळी मागितली. मी दिली. तिन्ही गोष्टी सांगितल्या, मोठ्यानं, ओसरीवर सासू बसलेली असताना. आणि चौथी पण सांगितली, की काकू, प्रणालीला गोळी मी दिली होती, सिस्टरनी नाही.

काकूंनी मुठीतली गोळी एकदा उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाल्या, “सात साल झाले, सुनीता. ते बाई सात साल आमच्या शिव्या खाऊन राहिली.” आणि गोळी कमरेला खोचून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी गावाला कळलं. पंधरा दिवस माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. सोळाव्या दिवशी गावातल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या आणि बोलवायला माणूस आला तो माझ्याच दारात आला. मी गेले. त्यावर पुढं कुणी काही बोललं नाही.

हे सिस्टरना फोनवर सांगायचा धीर झाला नाही. गेल्या माघात त्यांचाच फोन आला. निवृत्त झाल्या होत्या, मुलाकडे रायपूरला राहायला चालल्या होत्या, साकोलीला बस दहा मिनिटं थांबते म्हणाल्या. मी धानाची चुरणी, म्हणजे मळणी, अर्ध्यावर टाकून गेले. त्या खिडकीत बसल्या होत्या. केस पार पांढरे, चष्मा कपाळावरच. गुडघ्यांमुळे खाली उतरता येत नव्हतं, म्हणून मी खिडकीखाली उभी राहून वर मान करून बोलत होते. प्रणालीचं सांगितलं, की चार वर्षांनी तिच्या मर्जीनं दुसरी मुलगी झाली आणि सासू त्या मुलीला हातावरून खाली ठेवत नाही. सिस्टर हसल्या. मग मी बाकीचं सांगितलं. काकूंना काय बोलले, काकू काय म्हणाल्या, सगळं.

त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं झाल्यावर विचारलं, “मंग? ठेवलं तुले गावानं?”

“ठेवलं, सिस्टर.”

“कोणी काही नाही म्हटलं?”

“पंधरा दिस बोलले नाही. मंग बोलाले लागले.”

ड्रायव्हर चढला, गाडी सुरू झाली. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या, पण बोलल्या त्या स्वतःशीच.

“पंधराच दिस,” म्हणाल्या. “मी थांबली असती, त मलेही ठेवलं असतं मंग.”

मी खिडकीच्या गजावरचा त्यांचा हात धरला. हो म्हणावं तर त्यांची ती सात वर्षं फुकट जात होती, आणि नाही म्हणावं तर ते खोटं होतं. गाडी हलली. मी चार पावलं सोबत चालले. मग त्यांनीच हात सोडवून घेतला आणि घरी जा म्हणून खूण केली.